बीडला गाडी आली, पण स्टेशनवर जायचं कसं?

महाराष्ट्राचा रेल्वेचा जुना नकाशा मिळाला तर तो उघडा आणि मराठवाड्यावर बोट ठेवा. पश्चिमेला दौंड-मनमाडचा मार्ग नगरवरून जातो. उत्तरेला मनमाडहून निघालेली गाडी संभाजीनगर, जालना करत परभणीला पोचते. पूर्वेला परभणी-परळी. दक्षिणेला लातूर, बार्शी, कुर्डुवाडी. चारी बाजूंनी रूळ आणि मध्ये कोरा कागद! हा कोरा कागद म्हणजे बीड.

जिल्ह्याला रेल्वे अजिबात नव्हती असं नाही. परळी वैजनाथला निजामाच्या काळातच रूळ पोचले होते. पण परळी जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. आष्टीच्या माणसानं गाडी पकडायला परळीला जायचं म्हणजे अख्खा जिल्हा आडवा ओलांडायचा. त्यापेक्षा तो नगरला जाई. आणि जिल्ह्याचं मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहरात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी आगगाडी पाहिली ती पुस्तकातल्या चित्रात किंवा मामाच्या गावाला जाताना.

नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ साली. तेव्हा खर्चाचा अंदाज होता साडेतीनशे कोटी रुपयांच्या आसपास. मग जमिनी, पैसे, पूल, कागद... वर्षं जात राहिली. राज्य सरकारनं निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं, तेव्हा कामाला जरा वेग आला. सप्टेंबर २०२२मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली. आणि १७ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, ती बीडला पोचली. खर्चाचा अंदाज तोवर साडेचार हजार कोटींच्या पुढे गेला होता. १९९५ साली बीडमध्ये जन्मलेलं बाळ गाडी आली तेव्हा तीस वर्षांचं झालं होतं, बरं का! बीड ते परळी हा तुकडा तर तेव्हाही बाकीच होता.

आता या गाडीतून एक चक्कर मारू या. नगर (आता अहिल्यानगर) सोडलं की नारायणडोह येतं, मग सोलापूरवाडी, कडा, आष्टी. दोन्ही बाजूंना माळरान, मधूनच ज्वारीचा नाहीतर कापसाचा पट्टा, बाभळी, लिंबाची झाडं. हा बालाघाटचा उंच भाग. बीड जिल्ह्याची माणसं आपल्या मुलखाचे सरळ दोन भाग करतात: वरचा बालाघाट आणि गोदावरीकाठची गंगथडी. गंगथडीला काळी माती, बालाघाटाला दगड. अंमळनेर, विघनवाडी, रायमोहा, राजुरी अशी स्टेशनं घेत गाडी उतरत उतरत बीडला येते. वाटेत कुठं डोंगर कापून खोल चर काढलाय, कुठं ओढ्यावर उंच पूल बांधलाय.

गाडीनं हे अंतर १६७ किलोमीटर भरतं. रस्त्यानं ते बरंच कमी आहे. असं का? कारण आगगाडीला चढ चढवत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण अगदी थोडं होतं, म्हणून थोड्या ताकदीत प्रचंड ओझं ओढता येतं. पण तेच चाक चढावर घसरतं. मग रूळ टाकणारे डोंगराला वळसा घालतात, हळूहळू उंची घेतात. एसटी मात्र गुरगुरत सरळ घाट चढते आणि त्याची किंमत डिझेलमध्ये मोजते.

सुरुवातीच्या वेळापत्रकात रोज एकच गाडी होती, तीही रविवार सोडून. सकाळी सातच्या सुमाराला नगरहून सुटायची, साडेबाराला बीडला यायची आणि दुपारी दोनच्या सुमाराला परत फिरायची. साडेपाच तास! एसटी यापेक्षा लवकर पोचते. तिकीट मात्र गाडीचं कितीतरी स्वस्त. म्हणजे ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसे नाहीत, त्याच्यासाठी ही गाडी. अशी माणसं आपल्याकडे थोडी नाहीत.

तर गाडी आली. साडेबाराला तुम्ही बीड स्टेशनवर उतरलात. ऊन मी म्हणतंय. हातात पिशवी, बरोबर आजी. आता गावात जायचं कसं?

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी गंमत इथंच आहे. नवं स्टेशन कुठंही झालं तरी ते जुन्या पेठांपासून लांबच असतं, कारण रुळांना मोकळी जागा लागते. गावात जायला रिक्षा. रिक्षावाल्यानं गाडीच्या तिकिटापेक्षा जास्त पैसे सांगितले तर आजी काय म्हणेल? ‘‘त्यापरीस एसटीच बरी व्हती की!’’ आणि आजीचं बरोबर आहे. तीस वर्षं आणि हजारो कोटी रुपये खर्चून बांधलेला रस्ता शेवटच्या दोन-चार किलोमीटरला अडतो. गाडीची वेळ पाहून स्टेशनबाहेर एक बस उभी असली, ती बसस्थानक, सरकारी दवाखाना आणि मोंढा अशी फिरली, की तोच प्रवास पूर्ण होतो. याला वाहतुकीचं नियोजन म्हणतात. मोठमोठे पूल म्हणजेच नियोजन असं समजू नका. पुष्कळदा ते दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचणं असतं.

बीड शहराची वस्ती २०११च्या जनगणनेत दीड लाखाच्या जरा आत होती. आता ती वाढली असणार. शहराच्या मधून बिंदुसरा नदी वाहते. उन्हाळ्यात ती वाहते म्हणणं जरा धाडसाचं आहे, पण २३ जुलै १९८९ला याच नदीला असा पूर आला की काठची वस्ती उद्ध्वस्त झाली, माणसं गेली. म्हातारी माणसं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. नदी मध्ये असली की गावाचे दोन भाग होतात आणि त्यांना जोडणारे पूल मोजकेच असतात. मग सायकल, हातगाडी, ट्रक, शाळेची रिक्षा, लग्नाची वरात सगळं त्याच पुलांवर. नुसत्या पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एखादा अरुंद, पण पुराच्या पातळीच्या वरून जाणारा पूल बांधला तर किती फरक पडेल! ट्रक जाईल असा पूल बांधण्यापेक्षा तो खूपच स्वस्तात होतो.

बीड काही फार पसरलेलं गाव नाही. बसस्थानकापासून कंकालेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाता येतं. (देऊळ पाण्याच्या कुंडात मधोमध उभं आहे, जरूर पाहा.) नगर नाक्यापासून बार्शी नाक्यापर्यंत सायकलवर जायला दम लागत नाही. एवढ्या गावात एवढ्या मोटारसायकली का? विचारून पाहा. कोणी म्हणेल ऊन, कोणी म्हणेल खड्डे, आणि बाया म्हणतील चालायला रस्त्याला कडाच शिल्लक नाही. तिन्ही कारणं खरी आहेत. पहिल्यावर उपाय झाड, दुसऱ्यावर डांबर आणि तिसऱ्यावर फूटपाथ. यातली एकही गोष्ट रेल्वेइतकी महाग नाही.

हॉलंडमध्ये ग्रोनिंगन नावाचं एक शहर आहे. १९७७ साली त्याची वस्ती दीड लाखाच्या वर, म्हणजे साधारण बीडएवढी होती. तिथल्या नगरपालिकेनं एक भन्नाट गोष्ट केली. गावाच्या मध्यभागाचे चार तुकडे पाडले आणि नियम केला की मोटारीनं एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात सरळ जायचं नाही. बाहेरच्या रस्त्याला जाऊन वळसा घालून यायचं. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला मात्र सगळीकडून मोकळी वाट. दुकानदार भयंकर चिडले. गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. पण नियम टिकला, आणि आज त्या शहरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात. आता कोणी म्हणेल, हॉलंड थंड आहे, सपाट आहे. बीडला मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत सायकल मारून दाखवा! मुद्दा बिनतोड आहे. म्हणून बीडनं ग्रोनिंगनची नक्कल करू नये. पण सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर तर सायकल चालते ना? शाळा, शिकवण्या, भाजीबाजार नेमके त्याच वेळचे असतात.

आता थोडं गणित करू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो. चमकलात ना? एक लिटर पेट्रोलचं वजनच एक किलो भरत नाही, मग त्यातून दोन किलोच्या वर वायू कसा निघेल? कारण पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो आणि ते दोघं मिळून त्याच्यापेक्षा जड असतात. हा वायू वातावरणात साठतो, पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो आणि पावसाचं वेळापत्रक बिघडवतो. ज्या जिल्ह्यानं १९७२ पाहिलं, २०१३ आणि २०१६चे पाण्याचे टँकर पाहिले, त्याला पाऊस चुकणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

बीड ते गेवराई, हिशोबाला सोपं म्हणून तीस किलोमीटर धरा. एसटी एका लिटरला पाच किलोमीटर गेली तर सहा लिटर डिझेल लागलं, म्हणजे सोळा किलो वायू. बसमध्ये चाळीस माणसं असली तर माणशी ४०० ग्रॅम. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर जाते असं धरू. दोघं बसले तर माणशी सुमारे ७०० ग्रॅम. (तिघं बसले तर आकडा कमी होतो खरा, पण कायदा आणि हाडं दोन्ही मोडायची भीती!) मोटारीत एकटा माणूस असला आणि ती लिटरला पंधरा किलोमीटर गेली तर साडेचार किलोच्या वर. आता उलटं करा. एसटीत पाचच माणसं आहेत असं समजा. माणशी तीन किलोच्या वर! म्हणजे रिकामी एसटी मोटारसायकलपेक्षाही वाईट. बस आहे म्हणून भागत नाही, ती भरली पाहिजे. आणि ती भरते केव्हा? रोज आली तर, ठरल्या वेळी आली तर.

विजेच्या बसचं काय? १ जून १९४८ला आपली पहिली एसटी नगर ते पुणे धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ला, त्याच रस्त्यावर महामंडळाची विजेची ‘शिवाई’ धावली. आवाज नाही, धूर नाही. पण वीज येते कुठून? त्यासाठी परळीला जाऊ. परळीचं औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालतं. कोळसा रेल्वेनं लांबून येतो आणि पाणी धरणातून. २०१३च्या दुष्काळात पाणीच संपलं, तेव्हा हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. बसची सगळी वीज कोळशाची असेल तर वायू काही कमी होत नाही. धूर फक्त बीडच्या चौकातून उचलून परळीच्या चिमणीत नेला एवढंच. चौकातल्या पोरांच्या फुप्फुसांना आराम मिळतो, हा फायदा लहान नाही. पण हिशोब पुरा करायचा तर वीजही बदलायला हवी. बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि उन्हाचा तर जिल्ह्यात काही तुटवडाच नाही. बसस्थानकाच्या आणि आगाराच्या छपरावर सौर पट्ट्या आणि खाली चार्जिंग, ही मला तरी बीडसाठी सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

यंत्राशिवाय कामं करून घ्यायची अक्कल या गावाला नवी नाही. शहराबाहेर सोलापूर रस्त्याला खजाना बावडी नावाची सोळाव्या शतकातली विहीर आहे. तिचं पाणी जमिनीखालच्या कालव्यातून आपोआप उताराकडे वाहत जाऊन शेतं भिजवत असे. मोट नाही, पंप नाही, फक्त जमिनीचा उतार नीट मोजलेला. मोजणं चोख असलं की इंधन वाचतं!

एवढा वेळ आपण धुराबद्दल बोललो. आता ज्यांच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो त्यांच्याबद्दल.

दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांवर, पाचटावर बसून. कारखान्यावर पोचल्यावर बैलगाडीनं ऊस ओढतात. बैलगाडीला पेट्रोल लागत नाही. या माणसांइतका कमी धूर महाराष्ट्रात कोणी करत नसेल. पण म्हणून त्यांचा प्रवास चांगला आहे असं कोणी म्हणेल का? धूर कमी करायचा तो ज्यांच्या घरात दोन मोटारी आहेत त्यांनी. इथं तर अजून कित्येकांना सुखानं बसून जाण्याची पहिली संधी मिळायची आहे.

आई-बाप गेले की पोरं आजीजवळ राहतात किंवा बरोबर जातात. गावात शाळा सातवीपर्यंत, फार तर दहावीपर्यंत. पुढचं कॉलेज तालुक्याला. आता मुलीला तालुक्याला जायचं तर काय आहे? शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. तो आधी दहावीपर्यंत होता, मग बारावीपर्यंत झाला. राज्यातल्या १२५ तालुक्यांत ‘मानव विकास’च्या निळ्या बसगाड्या मुलींच्या शाळेच्या वेळा धरून फिरतात. शाळेजवळ राहणाऱ्या गरजू मुलींना आठवीपासून सायकली देण्याचीही योजना आहे. कागदावर सगळं ठीक. पण फाट्यावर उभ्या असलेल्या मुलीला पास उपयोगी पडत नाही, बस पडते. सकाळची बस चुकली किंवा आलीच नाही, की उरते काळी-पिवळी. तिच्यात दाटीवाटीनं बसायचं, पैसे द्यायचे, आणि अनोळखी पुरुषांचे धक्के. असं चार वेळा झालं की घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘‘बास झालं आता शिकणं.’’

आणि बीडमध्ये शिकणं थांबलं की पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी दर दहांत चारहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. २०२१च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा मोठा संप सुरू झाला, तो मिटायला २०२२चा एप्रिल उजाडला. कामगारांची दुखणी खरी होती. पण त्या पाच-सहा महिन्यांत फाट्याफाट्यावरच्या मुली घरी बसल्या. त्याआधीचं दीड वर्ष करोनानं शाळा बंदच होत्या. त्यातल्या किती जणी पुन्हा बसमध्ये चढल्या?

मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाड्या भरून वाहू लागल्या. लोकांना बस नकोशी झाली होती असं नाही. ती परवडत नव्हती, भेटत नव्हती, एवढंच. म्हणून मला वाटतं, बीडमधल्या कोणी खरंच नियोजन करायला घेतलं तर पहिली रेघ स्टेशनपासून किंवा महामार्गापासून ओढू नये. कॉलेज सुटायची वेळ लिहावी आणि तिथून उलटं, शेवटच्या वाडीपर्यंत मोजत जावं. त्यातच धूरही आपोआप कमी होतो, कारण ज्या घरातल्या मुलीची बस वेळेवर येते, त्या घराला तिच्यासाठी भाऊ आणि मोटारसायकल दोन्ही अडकवून ठेवावे लागत नाहीत.

मोजायचं काम तुम्हीही करू शकता, त्यासाठी इंजिनिअर व्हायची वाट पाहू नका. वाहतुकीचे तज्ज्ञ चौकात उभे राहून गाड्या मोजतात, आपण माणसं मोजू. बीड, माजलगाव, केज, अंबाजोगाई, तुम्ही असाल तिथल्या एका चौकात सकाळी नऊ ते दहा दोघादोघांनी झाडाखाली बसा. वहीत रकाने आखा: पायी, सायकल, मोटारसायकल, रिक्षा, काळी-पिवळी, मोटार, एसटी. प्रत्येक वाहनापुढे आत किती माणसं होती ते लिहा. एसटीचा आकडा अंदाजे चालेल. दप्तरवाल्या मुलींसाठी एक वेगळा रकाना ठेवा. आणि एक खूण त्यांच्यासाठी करा, ज्या दहा वाजता तुम्ही उठलात तेव्हाही फाट्यावर उभ्याच होत्या.